धावाऱ्यांचा नरम दिवस

शेषेराव धावारे यांच्या घराण्यात कुणी कधी धावल्याची नोंद नाही. हे आडनाव कसं पडलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेषेरावांनी मात्र ते त्रेचाळीस वर्षं बिनतक्रार वापरलं होतं. हजेरीपटावर, रेशनकार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर. त्या आडनावाने बदल्यात कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एकदम नवा जिल्हा झाल्यावर तिसऱ्या वर्षी, आणि तेही अशा साली, की अवघं लातूर हंडे घेऊन पाण्यामागे पळत होतं आणि हौसेने पळावं असं कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं.

आलं ते कचेरीतल्या साहेबांच्या मनात.

दिवाळी नुकतीच झाली होती. साहेब हातात एक परिपत्रक घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "फेब्रुवारीअखेर नांदेडला विभागीय क्रीडा स्पर्धा आहेत. आपला नवा जिल्हा पहिल्यांदा उतरतोय. पाच हजार मीटर, चाळिशीवरचा गट. एक नाव पाहिजे."

सगळ्या कचेरीने माना खाली घालून फायली उघडल्या. साहेबांनी हजेरीपट ओढला, वरून खाली बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

"धावारे! अहो, मग शोधत काय बसलोय आपण?"

"साहेब, ते नुसतं आडनाव हाय."

"आडनाव उगाच पडत नसतं," साहेब म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

शेषेरावांनी दुसऱ्या दिवशी नकाराचा अर्ज लिहिला होता. तो त्यांनी दिला नाही, त्याला कारण होतं व्यंकटराव. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा जुन्या जिल्ह्यातून काय काय नव्या कचेरीला द्यायचं, याची यादी तिथल्या हेडक्लार्क व्यंकटरावांनी केली होती. त्या यादीत नववा क्रमांक होता "लोखंडी कपाट, दार न लागणारे", अकरावा होता "भिंतीवरील घड्याळ, बंद", आणि मधे दहावा, "श्री. शे. गं. धावारे, कनिष्ठ लिपिक". शेषेरावांनी ती यादी स्वतःच टंकलिखित केली होती. तीन प्रतींत. तेव्हापासून ते कपाटाकडे पाठ करून बसत.

परिपत्रकाच्या मागच्या पानावर भाग घेणाऱ्यांची यादी होती. जुना जिल्हा, पाच हजार मीटर, चाळिशीवरचा गट: श्री. व्यंकटराव.

शेषेरावांनी नकाराचा अर्ज फाडला आणि संध्याकाळी मोहियोद्दीन मास्तरांच्या घरी गेले.

मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. वय पासष्ट, एक गुडघा अधू, आवाज मात्र अजून मैदानभर पुरेल असा. त्यांनी शेषेरावांना अंगणात उभं केलं, चारही बाजूंनी फिरून बघितलं, पोटरी दाबून पाहिली आणि लांब श्वास सोडला.

"धावारे साब, वक्त कम है. लेकिन हो जाएगा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. एक दिन सख्त, एक दिन नरम."

"म्हणजे?"

"सख्त दिवशी औसा रोडनं जायचं. चौथ्या किलोमीटरचा दगड शिवायचा, परत यायचं. जान लावून. नरम दिवशी गल्लीपासून गंजगोलाई, गोलाईला एक चक्कर, परत घरी. इतकं हळू, की पळता पळता बाजूच्या माणसाशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागला तर समजा, नरम दिवस खराब झाला."

"नरम दिवशी पळायचं तरी कशाला मग? घरीच बसतो की."

"ताकद सख्त दिवशी खर्च होते, मियाँ. बनते ती नरम दिवशी."

मास्तरांनी वहीच्या पानावर तारखा मांडल्या. सख्तला लाल पेन्सिलीची फुली, नरमला निळा गोल. शेषेरावांनी ते पान भाताच्या खळीने कपाटावर डकवलं. पहिलं दुखणं इथेच सुरू झालं, कारण कपाट घरातलं असलं तरी ते बघायला सगळी गल्ली येऊन गेली.

समोरच्या भामाबाईंनी पान वाचलं, मग शेषेरावांकडे बघितलं. "डिंकाचे लाडू धाडते. माझ्या लेकीला बाळंतपणात दिलते. पंधराव्या दिवशी उठून भांडायला लागली."

शेजारी मलप्पा राहत. डाळमिलमधले मुकादम, मूळचे निलंग्याच्या पलीकडचे, बोलताना मधेच कानडीत शिरायचे. ते म्हणाले, "अय्यो, लाडूनं काय होतंय? करडईचं तेल लावा. गुडघ्याला रात्री, टाळूला सकाळी. आमचा बैल हौसेनं लावून घ्यायचा."

"बैल पळायचा का?"

"न्हाई. पण उभा लई छान राहायचा."

सिंधुबाई, म्हणजे शेषेरावांची बायको, एवढंच म्हणाली, "हाफ पँट घालणार हाव का?"

हाफ पँट घालायची होती. अजीज टेलरने ती खाकी कापडाची शिवली होती, आणि मापात दया दाखवून गुडघ्याच्या खाली दोन बोटं ठेवली होती. त्यामुळे ती हाफही नव्हती आणि पँटही नव्हती. पहिल्या नरम दिवशी शेषेराव ती घालून, पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून गल्लीत उतरले तेव्हा भामाबाई ओट्यावरूनच ओरडल्या, "कापड कमी पडलं का हो?"

तिथून शेषेरावांचा जो वेग वाढला तो गोलाईपर्यंत कमी झाला नाही.

दोष त्यांचा नव्हता. गंजगोलाई म्हणजे सोळा रस्ते येऊन मिळतात तो लातूरचा गोल बाजार, आणि तिथे सकाळी साडेसहाला अर्धं लातूर उभं असतं. आडतीवर निघालेले हमाल, चहावाले, शिकवणीला सायकलवरून जाणारी पोरं, कचेरीतला शिपाई. अशा ठिकाणी त्रेचाळीस वर्षांचा, सरकारी नोकरीतला, घरंदाज माणूस अर्धी पँट घालून धावतो आहे हे लोक एक वेळ समजून घेतात. पण तो हळू धावतो आहे, हे त्यांना सहन होत नाही. दुसऱ्या नरम दिवशी शेषेराव नियमाप्रमाणे हळू निघाले, तर दोन हातांत दोन चरव्या घेतलेली एक म्हातारी त्यांना मागे टाकून गेली. चहावाल्याने विचारलं, "काय साहेब, काय दुखायलंय?" सायकलवरच्या एका सद्गृहस्थाने सायकल हळू केली आणि म्हणाला, "बसा मागं, सोडतो."

शेषेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मान वर केली, छाती पुढे काढली आणि गोलाईची चक्कर अशी मारली, की दोन कुत्री पाठीमागे लागली आणि दमून परत गेली. चहावाला म्हणाला, "वा!" त्या एका "वा"मुळे पुढचे सगळे नरम दिवस सख्त झाले.

औसा रस्त्यावर मात्र कुणी नसे. दोन्ही बाजूंना करपलेली रानं, ज्वारीची पोटरीएवढी ताटं उभ्या उभ्या वाळलेली, क्वचित एखादी एसटी. बघायला कुणी नाही म्हटल्यावर, आणि आदल्या दिवशी गोलाईला सगळी ताकद उधळून आल्यावर, शेषेरावांचे पाय दुसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी आपोआप थांबत. तिथे एक बाभळ होती. ते तिच्याखाली बसत, खिशातला डिंकाचा लाडू काढून खात, घड्याळात हिशोबाने वीस मिनिटं जाऊ देत आणि मग परत येत. घराजवळ आले की तोंडावर दमल्याचा भाव आणत. त्यात ते तरबेज झाले होते. सिंधुबाई रोज ताकाचा पेला पुढे करून म्हणे, "जिवाला किती तरास करून घ्यायलाव."

तीन आठवड्यांनी मास्तरांनी मैदानावर परीक्षा घेतली. साडेबारा फेऱ्या मारायच्या होत्या. सहाव्या फेरीला शेषेराव वाकडे झाले, आठव्या फेरीला चालायला लागले, आणि दहाव्या फेरीला ते कुठे गेले म्हणून बघावं तर गोलपोस्टला टेकून उभे.

पुढच्या सख्त दिवशी शेषेरावांनी बाभळीखाली लाडूचा पहिला घास घेतला आणि समोर सायकलची घंटी वाजली.

मास्तर सायकलवरून उतरले. दगडाकडे बघितलं. त्यावर दोन आकडा होता. मग लाडूकडे बघितलं.

"चौथा दगड इकडं कधी आला?"

शेषेराव उठू लागले.

"बैठो. खाओ. आधी खाऊन घ्या." मास्तर स्वतःही शेजारी बसले. "काल गोलाईला कसे पळालात?"

"जोरात."

"कायकू?"

शेषेरावांनी बाभळीचा एक काटा मोडला. मग म्हणाले, "लोक बघतेत, मास्तर. हळू पळालो की हसतात. इथं कुणी बघत न्हाई."

मास्तरांनी टोपी काढून डोकं पुसलं. "म्हणजे नरम ते सख्त केलं आणि सख्त ते नरम. दोन्हींची खिचडी. धावारे साब, जोरात पळणं कुणालाही जमतं, पोलिस मागं लागला की जमतंच. चार लोकांसमोर हळू पळायला कलेजा लागतो. तो तुमच्यात तयार करावा लागेल."

तो तयार करण्याची मास्तरांची रीत भयंकर होती. पुढच्या नरम दिवशी ते स्वतः गल्लीत हजर झाले, हातात काठी, पायात जुन्या चपला. नियम एकच: मास्तर चालतील, शेषेराव धावतील, आणि धावताना मास्तरांच्या पुढे जायचं नाही.

पासष्ट वर्षांचा लंगडत चालणारा म्हातारा पुढे आणि हाफ पँट घातलेला धावपटू मागे, अशी ही मिरवणूक आठवड्यातून तीन वेळा गंजगोलाईला प्रदक्षिणा घालू लागली. शेषेराव जवळजवळ जागच्या जागी उड्या मारत. वर गप्पा मारायची सक्ती. मास्तर मागे न बघता विचारत, "तुरीचा भाव काय म्हणतो?" आणि शेषेरावांना सगळ्या बाजारासमोर पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागे. पहिल्या दिवशी चहावाला पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या शिपायाने सलाम ठोकला, पण तो मास्तरांना. तिसऱ्या आठवड्यात लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. चहावाला तर तुरीच्या भावात दुरुस्ती सुचवू लागला. आणि नवल म्हणजे, औसा रस्त्यावर शेषेरावांनी एका सकाळी चौथा दगड शिवला. कुणी बघत नव्हतं तरी त्यांनी त्या दगडाला हात लावून इकडे तिकडे पाहिलं आणि मग हळूच त्याला थोपटलं.

सगळं मार्गी लागलं असतं. पण मधे पाणी आलं, म्हणजे आलं नाही.

जानेवारीत नळ पार बंद पडले आणि टँकर सुरू झाले. टँकर कधी येईल ते कुणाला सांगता येत नसे. आला तर कोणत्या कोपऱ्यावर उभा राहील तेही नाही. गल्लीची बैठक भरली. भामाबाई म्हणाल्या, "टँकर कुठं हाय ते बघून यायला माणूस पायजे. पळणारा."

सगळ्यांनी एकाच दिशेला बघितलं.

"सख्त दिवशी न्हाई सांगत आम्ही," मलप्पा समजुतीने म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही दमता. नरम दिवशी तुम्हाला कामच काय असतं? जाता जाता बघायचं."

जाता जाता बघणं म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. टँकर सापडला तो तीन गल्ल्या पलीकडे. तो सापडून उपयोग नव्हता, तो दुसऱ्या गल्लीने अडवू नये म्हणून त्याच्या बरोबरीने पळत, ड्रायव्हरच्या खिडकीशी बोलत, त्याला आपल्या गल्लीपर्यंत आणायचा होता. ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये, शेषेराव चौथ्यात. गल्लीत पोचले तेव्हा बायकांनी जयजयकार केला आणि शेषेराव भिंतीला धरून खाली बसले. असे ओळीने चार नरम दिवस गेले. मास्तरांनी नाडी बघितली आणि पानावरच्या चारही निळ्या गोलांवर काट मारली.

मग शेषेरावांनी तेच केलं जे वीस वर्षं नोकरी केलेला माणूस करतो. अर्ज लिहिला. टंचाईचं काम बघायला एक तात्पुरती कचेरी उघडली होती, तिथे दिला. विषय: नरम दिवशी टँकर न पाठवणेबाबत.

आठ दिवसांनी उत्तर आलं. "आपल्या अर्जात नमूद 'नरम दिवस' ही संज्ञा प्रचलित परिपत्रकांत आढळून येत नाही. तरी व्याख्या सादर करावी."

शेषेरावांनी दोन दिवस विचार करून व्याख्या सादर केली. "ज्या दिवशी अर्जदार धावत असूनही वस्तुतः धावत नाही, असा दिवस."

यावर उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. "अर्जदार वस्तुतः धावत नसल्यास टँकरमागे धावण्यास त्यांची हरकत नसावी. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

शेषेरावांनी हे उत्तर चार वेळा वाचलं. सरकारी लिखाण म्हणून ते निर्दोष होतं. त्यांना लिहिणाऱ्याचा आदरही वाटला. पण त्या संध्याकाळी ते कागद हातात घेऊनच जेवायला बसले, आणि सिंधुबाईने तो त्यांच्या हातून घेऊन वाचला. मग ताटात भाकरी वाढत म्हणाली, "उद्यापासून टँकर मी बघते."

"तू?"

"का? मला डोळे न्हाईत का पाय न्हाईत?"

"लोक काय म्हणतील? नवरा घरात बसून—"

"नवरा घरात बसणार न्हाई. नवरा मास्तरांच्या मागं हळूहळू जाईल. नरम तर नरम. एवढ्या दिवसांत एक काम धड व्हायलंय, ते तरी होऊ द्या."

दुसऱ्या दिवसापासून सिंधुबाई पदर खोचून टँकर शोधायला जाऊ लागली. ती टँकरबरोबर पळत नसे. ती टँकरच्या समोर उभी राहायची. त्यामुळे ड्रायव्हर थांबायचा, ती त्याच्या शेजारी चढून बसायची आणि गल्लीचा रस्ता दाखवायची. ही गोष्ट शेषेरावांना सुचली नव्हती. गल्लीतल्या कुठल्याच पुरुषाला सुचली नव्हती. पण टँकर सापडेपर्यंत तिला सगळं लातूर पायी पालथं घालावं लागे. संध्याकाळी ती पाय लांब करून बसलेली असताना शेषेरावांनी करडईच्या तेलाची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने ती घेतली आणि पायांना तेल चोळायला लागली.

फेब्रुवारी संपत आला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शेषेराव आणि मास्तर नांदेडच्या एसटीत बसले. मास्तरांनी बसताबसता बजावलं, "आज नरम. सगळ्यात नरम. आज नुसतं बसायचं. काय वाट्टेल ते होवो."

अहमदपूर गेलं, लोहा पाच-सहा किलोमीटर राहिलं, आणि एसटीच्या तोंडातून वाफ निघाली. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रेडिएटरमधे पाणी नव्हतं. सगळे उतरले. ड्रायव्हर म्हणाला, "पलीकडं वस्तीवर हिर हाय. कुणी जाऊन डबा भरून आणील का?"

कंडक्टरने शेषेरावांच्या पिशवीतून डोकावणारे पांढरे बूट बघितले होते. "हे काय, पळणारे साहेब हायत की आपल्यात! नांदेडला स्पर्धेला चालले."

सगळी एसटी शेषेरावांकडे वळली. ते रस्त्याकडेच्या लिंबाखाली, मास्तरांच्या हुकमावरून, पाय एका दगडावर ठेवून आडवे झाले होते.

"मी... आज... माझा नरम दिवस हाय," शेषेराव म्हणाले.

"काय हाय?"

"नरम."

एक पागोटेवाले आजोबा कंडक्टरला हळूच म्हणाले, "आजारी दिसतेत. जाऊ द्या." कडेवर पोर घेतलेली एक बाई डबा घ्यायला पुढे झाली. शेषेराव ताडकन उठून बसले. तेवढ्यात मास्तरांनी तो डबा आपल्या हातात घेतला आणि काठी टेकत वस्तीच्या वाटेला लागले.

"मास्तर! मी जातो!"

"बैठो!" मास्तर वळून गरजले. रस्त्यावरच्या साळुंक्या उडाल्या. "बैठना भी कसरत है!"

शेषेराव बसले. त्यांचे गुरू ढेकळांतून लंगडत जात होते, चाळीस माणसं शेषेरावांच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते लिंबाखाली पाय वर करून पडले होते. तीन महिन्यांत औसा रस्त्याने त्यांचा जेवढा घाम काढला नव्हता तेवढा त्या अर्ध्या तासाने काढला. मास्तर दोन वस्तीवाल्यांना बरोबर घेऊन परतले, डबा त्यांतल्या एकाच्या डोक्यावर. शेषेरावांजवळ येऊन ते खाली वाकले. "शाबास," ते म्हणाले. "आज तुम्ही जिंकलात. उद्याचं उद्या."

नांदेडला पोचले तेव्हा चार वाजले होते. मैदानावर व्यंकटराव सराव करत होते. नवे बूट, नवी बनियन, चुन्याने आखलेल्या मैदानावर मारून झालेल्या दहा फेऱ्या, आणि फेरीगणिक टाळ्या वाजवणारे जुन्या कचेरीतले सहाजण.

"काय धावारे!" व्यंकटराव धापा टाकत म्हणाले. "सराव न्हाई का?"

"आज नरम," शेषेराव म्हणाले आणि मास्तरांबरोबर मैदानाला एक फेरी मारायला निघाले. चालत. जुनी कचेरी हसली. शेषेरावांच्या पायांना तीन महिन्यांपूर्वीची सवय आठवली असावी, कारण ते एकदा फुरफुरले. पण मास्तरांनी विचारलं, "नांदेडला केळी काय भावानं?" आणि शेषेरावांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातजण रेघेवर उभे राहिले. शिट्टी झाली. व्यंकटराव बाणासारखे सुटले. शेषेराव सुटले ते सगळ्यांच्या शेवटी, आणि तीन फेऱ्या तिथेच राहिले. सकाळीच नांदेडला पोचलेले साहेब खुर्चीवरून अर्धवट उठून, "अहो धावारे, आडनावाला जागा!" असं ओरडले. शेषेरावांनी ऐकलं आणि जागले नाहीत. पाचव्या फेरीला त्यांनी एकाला मागे टाकलं, सातव्याला आणखी एकाला. पायांत काहीतरी साठून राहिलेलं होतं. ते पुरवून पुरवून निघत होतं. शेषेरावांनाच त्याचं आश्चर्य वाटत होतं, आपल्या घरात कुणीतरी आपल्याला न सांगता धान्य भरून ठेवावं तसं.

सगळ्यात पुढे अर्धापूरचा एक तलाठी होता, सडपातळ, शांत. तो आपल्या सजातल्या सगळ्या गावांचं काम पायी करणारा माणूस, त्याला कुणी गाठणार नव्हतं. पण नवव्या फेरीला व्यंकटराव दिसले. त्यांची मान मागे गेली होती, नवे बूट जमिनीवर घासत होते.

या क्षणासाठी शेषेरावांनी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. त्यात कपाट होतं, घड्याळ होतं, यादीचा दिनांकसुद्धा होता. ते बरोबरीला आले, व्यंकटरावांकडे बघितलं. त्या तोंडावर जे होतं ते शेषेरावांना चांगलं ओळखीचं होतं, ते स्वतः गोलपोस्टला टेकून तसेच उभे होते.

"हळू या साहेब," शेषेरावांच्या तोंडून निघालं. "श्वास सोडा. हळू या, पुरं होतंय."

आणि ते पुढे गेले.

शेवटच्या फेरीत आणखी एकाला मागे टाकून सातांत तिसरे आले. साहेबांनी मिठी मारली, मास्तरांनी तोंड दुसरीकडे करून रुमाल काढला. व्यंकटराव पाचवे आले, पण धावत आले. पाणी पिऊन झाल्यावर ते शेषेरावांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगू लागले, "मी म्हणलंच होतं, नव्या जिल्ह्याला चांगला माणूस द्यायलोय म्हणून." शेषेरावांनी मान डोलावली. कपाट-घड्याळाची ती यादी खोटी ठरवायची ही त्यांची रीत असेल तर असू द्यावी.

प्रमाणपत्रावर शेषेरावांच्या नावापुढे जिल्हा जुनाच छापला होता. साहेब संतापले. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा सांगितला आणि त्या पत्राला पुढे दीड वर्ष पाय फुटले, पण ती वेगळी गोष्ट आहे.

लातूरला परतल्यावर दुसरा दिवस अर्थातच नरम होता. मास्तर गुडघ्याला शेक देत घरी पडले होते. शेषेराव बूट घालून दारात उभे राहिले आणि सिंधुबाईला म्हणाले, "चल."

"कुटं?"

"गोलाईला. एक चक्कर."

"काय आणायचं हाय?"

"काही न्हाई."

काही आणायचं नसताना बाहेर पडणं हे सिंधुबाईला पटायला थोडा वेळ लागला. ती निघाली, आणि सवयीने चार पावलं पुढे गेली. शेषेरावांनी मागून हाक मारली, "हळू." ती थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा पुढे.

"मला हळू येतच न्हाई," ती वैतागून म्हणाली.

"येतं. बोलत चाल. बोलता बोलता आपोआप हळू होतं."

"काय बोलू?"

"काहीही. तुरीचा भाव बोल."

गोलाईचा पहिला रस्ता गेला. चहावाल्याने दोघांना वाकून रामराम केला. दुसरा रस्ता गेला. मग ती समोर बघतच म्हणाली, "मला सायकल शिकायची हाय."

शेषेराव थांबले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

"टँकर बघायला?"

"टँकर काय, पाऊस पडला की जातील. मला शिकायची हाय."

"कधीपासून शिकायची म्हणतेस?"

"उद्यापासून."

"उद्या तर सख्त दिवस हाय," शेषेराव म्हणाले.

सिंधुबाईने पदर खोचला आणि चालायला लागली. "तुमच्यासाठीच सख्त हाय," ती म्हणाली. "सायकल मागून तुम्हीच धरणार ना?"